सिंहस्थाचे शहर, रोजचे शहर

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची वीसेक गावे एकत्र करून ती घडवली गेली. क्षेत्र अडीचशे चौरस किलोमीटरहून अधिक मिळाले, पण ते सलग शहर नव्हते. गोदाकाठी गावठाण, तिथून नऊ-दहा किलोमीटरवर रेल्वे स्टेशनभोवती वाढलेले नाशिकरोड, पश्चिमेला सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांत वसवलेले नवीन नाशिक, आणि या सगळ्यांच्या मधे द्राक्षबागा, मळे आणि मळ्यांतली वस्ती. २००१ च्या जनगणनेत या क्षेत्रात १० लाख ७७ हजार माणसे होती, २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजार झाली. दहा वर्षांत चार लाखांची ही भर मुख्यतः मळ्यांच्या जागी पडली.

रेल्वे स्टेशन गावापासून इतके लांब पडल्याने शहराला वाहतुकीचा प्रश्न जन्मतःच मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिकरोड ते मेनरोड अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. पुढे अनेक दशकांनी मेट्रोचा आराखडा झाला, तेव्हाही त्याची मुख्य रेघ गंगापूर रस्ता ते नाशिकरोड अशीच आखली गेली. शहराचा कणा कुठे आहे, हे घोड्यांना आधी कळले होते म्हणायचे.

शहर घडवणारी धोरणे कागदावर पाहिली तर कमी नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार वीस वर्षांची विकास योजना करायची असते. नाशिकची सुधारित योजना एकदा तयार होऊन विरोधात वाहून गेली, पुन्हा केली गेली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यभरात एकच बांधकाम नियमावली आहे. तरीही नाशिकचे मोठे निर्णय आणि मोठे पैसे यांना या कायद्यांपेक्षा एक जुने वेळापत्रक अधिक बांधून ठेवते, ते म्हणजे सिंहस्थ कुंभमेळ्याचे. बारा वर्षांतून एकदा राज्य आणि केंद्राकडून निधी येतो. रस्ते रुंद होतात, पूल होतात, घाट वाढतात, जलवाहिन्या पडतात. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१५ ची तयारी गर्दीच्या मार्गांचा हिशेब मांडूनच करण्यात आली, आणि तो सिंहस्थ सुखरूप पार पडला. म्हणजे मुदत पक्की असली, जबाबदारी एका हातात असली आणि पैसा वेळेवर आला, तर हे शहर मोठे काम नीट करून दाखवते. अडचण येते ती उरलेल्या अकरा वर्षांत.

याचे मूळ बरेचसे महापालिकेच्या तिजोरीत सापडते. जकात ही तिची स्वतःची, रोज येणारी कमाई होती. २०१३ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा राज्याकडून अनुदान म्हणून येतो. हाती उरतात घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क. घरपट्टी वाढवण्याचा प्रयत्न झाला की शहर पेटते. २०१८ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्या काळात ते दिसलेच. परवानग्यांच्या शुल्कावर भिस्त ठेवली तर शहर पसरत राहण्यातच पालिकेचे हित दिसू लागते. बांधायला अनुदान मिळते, चालवायला मिळत नाही. नाशिकच्या कोणत्याही योजनेचे पुढे काय झाले हे शोधायचे तर ही एक गाठ हाती धरून जावे.

नदीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण नाशिकमध्ये सगळ्या धोरणांचा निचरा शेवटी नदीतच होतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणातून शहरात येते. शहरात तिला नासर्डी आणि वाघाडी मिळतात, पुढे वालदेवी येते. गावात तिला गोदावरी क्वचितच म्हणतात. बायका ‘गंगेवर’ जातात आणि बुधवारचा बाजारही ‘गंगेवर’च भरतो. पुराचे मापही लोकांनी स्वतःचे ठेवले आहे. रामकुंडाच्या खाली पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाटबंधारे खाते विसर्ग क्युसेकमध्ये सांगते, बाजारात मात्र पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले अशी बातमी फिरते. कमरेची बातमी आली की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. पाणी डोक्यावरून गेले आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पोचले की तो महापूर. १९६९ चा पूर जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. अलीकडचे म्हणजे सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे.

२००८ च्या पुरानंतर पूररेषांचा विषय ऐरणीवर आला. राज्याच्या नियमांनुसार पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मधे अटी. मोकळ्या जमिनीवर हा नियम सरळ आहे. नाशिकमध्ये मात्र निळी रेषा गावठाणातून, पेशवेकालीन वाड्यांच्या ओसरीतून जाते. वाडा पाडून नवे बांधायला परवानगी सहज मिळत नाही, जुना दुरुस्त करायला भाडेकरू आणि मालक यांचे जमत नाही. मग दर पावसाळ्यात कुठल्या तरी गल्लीत वाड्याची भिंत कोसळते आणि महापालिका धोकादायक घरांना पुन्हा नोटिसा देते. पूररेषा बरोबरच आहे. तिच्या आत आधीपासून राहणाऱ्यांचे काय करायचे, याचे धोरण तिच्यासोबत आले नाही. आणि ज्या रेषेने वाडा अडतो, तिच्याच आत सार्वजनिक पैशाने नदीकाठ मात्र सुशोभित होत राहिला. गोदापार्कचे काम पुराने उखडले, पुन्हा झाले, पुन्हा उखडले.

रामकुंडाच्या परिसरातली कुंडे हा याचाच एक अंक. २००३ च्या सिंहस्थाआधी भाविकांच्या सोयीसाठी पात्रात काँक्रीट ओतले गेले आणि जुन्या कुंडांचे तळ त्याखाली गेले. पात्रातले जिवंत झरे बंद झाले, कुंडांत पाणी साचू लागले आणि साचलेल्या पाण्याला वास येऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयात २०१२ मध्ये गोदावरी प्रदूषणाविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. राजेश पंडित हे याचिकाकर्त्यांपैकी एक. न्यायालयाने नीरी या संस्थेची मदत घेतली आणि वेळोवेळी निर्देश दिले. काँक्रीट काढण्यासाठी देवांग जानी यांनी वेगळा पाठपुरावा केला आणि काही कुंडांतले काँक्रीट प्रत्यक्ष फोडून काढावे लागले. एका सिंहस्थासाठी घातलेले काढण्यासाठी पुढच्या सिंहस्थाच्या पलीकडे जाईपर्यंत भांडावे लागले. म्युनिक शहराने इसार नदीच्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यातले सरळ बांधीव काठ २००० ते २०११ या काळात काढून टाकले आणि नदीला पसरायला जागा दिली. पूर सामावण्याची क्षमता वाढली आणि काठावर पोहणाऱ्यांची गर्दी झाली. तिथे आधी ठरले की नदीला किती जागा लागते आणि मग काठ आखला गेला. नाशिकमध्ये घाट आधी ठरतो.

नदीचे दुसरे दुखणे सांडपाण्याचे. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक अशी मलजलशुद्धीकरण केंद्रे नाशिकने बऱ्याच शहरांच्या आधी उभी केली, केंद्राच्या नदी संवर्धन योजनेतून. पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खाते, त्याचे माप म्हणजे बीओडी. जुनी केंद्रे बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणायच्या बेताने बांधली होती. आता अपेक्षा १० ची आहे. ज्या नदीत उन्हाळ्यात स्वतःचा प्रवाहच नसतो, तिच्यात ३० चे पाणी सोडले तर पाणवेलींना खतच मिळते. शिवाय घरोघरचे सगळे सांडपाणी गटारीत जातही नाही. नव्या वसाहतींतले आणि नाल्याकाठच्या वस्त्यांतले पाणी पावसाळी गटारातून थेट नासर्डीत उतरते. या नदीचे कागदोपत्री नाव आता नंदिनी आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शुद्धीकरण केंद्रांचे नूतनीकरण हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीने करायचे ठरले. तिच्यात ठेकेदाराने केंद्र बांधायचे, पुढची काही वर्षे चालवायचेही, आणि पैशाचा मोठा भाग त्याला चालवण्याच्या काळात हप्त्यांनी मिळतो. बांधणे आणि चालवणे एका करारात आणणारी ही पद्धत नाशिकच्या जुन्या दुखण्यावर नेमकी आहे. फक्त हप्ते देण्याची ऐपत महापालिकेकडे शेवटपर्यंत राहायला हवी.

पिण्याच्या पाण्यात नाशिकचे नशीब चांगले. गंगापूर, दारणा आणि मुकणे ही तीन धरणे शहराला पाणी देतात. पण हे पाणी एकट्या नाशिकचे नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असला, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार होतो. त्या दिवसांत नाशिक आणि मराठवाडा एकमेकांकडे कसे पाहतात, ते वृत्तपत्रांत दिसते. नाशिकच्या एखाद्या रस्त्याखाली फुटलेली जलवाहिनी महिनाभर गळत राहिली, तर तिचा हिशेब पैठणपर्यंत पोचतो.

घरांच्या बाबतीत शहराने एक प्रकरण असे पाहिले की नाशिकबाहेर त्याचे नावही कळणार नाही: कपाट प्रकरण. जुन्या नियमावलीत भिंतीतल्या कपाटाची जागा चटईक्षेत्रात मोजली जात नसे. मग नकाशात खोलीला लागून कपाटे दाखवायची आणि बांधताना तीच जागा खोलीत घ्यायची, अशी पद्धत पडली. खोली मोठी, किंमत जास्त, चटईक्षेत्र तेवढेच. २०१५ च्या सुमारास महापालिकेने अशा इमारतींना पूर्णत्वाचे दाखले देणे थांबवले आणि हजारो सदनिका अडकल्या. दंड भरून नियमित करावे म्हटले तर सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवर वाढीव चटईक्षेत्र देताच येत नव्हते. अखेर रस्त्याकडेच्या मालकांनी जागा सोडून रस्ता नऊ मीटर करायचा आणि त्यावर वाढीव चटईक्षेत्र घ्यायचे, असा मार्ग महापालिका अधिनियमाच्या कलम २१० मधून काढला गेला. कागदावर रस्ते रुंद झाले. प्रत्यक्षात एका इमारतीने सोडलेला दीड मीटर आणि शेजारच्या जुन्या बंगल्याचे कुंपण असा करवतीच्या दात्यांसारखा रस्ता कॉलेजरोडच्या मागच्या गल्ल्यांत हिंडताना पायाखाली येतो. यात ग्राहकाचा दोष नव्हता. त्याने कपाटाचे पैसे खोलीच्या भावाने मोजले होते.

सिडकोत, म्हणजे नवीन नाशिकमध्ये, उलटी गोष्ट आहे. तिथे घरे लहान, भाव कामगाराला परवडणारे, आणि गल्ल्या आधीच आखलेल्या. कुटुंब वाढले तसा वर मजला चढला, पुढे ओटा आला, ओट्यावर खोली आली. नियमाने पाहिले तर बरीचशी वाढ बेकायदा. नगररचनेच्या नजरेने पाहिले तर ही दाट, चालत बाजाराला जाता येणारी वस्ती. सरसकट हातोडा आणि सरसकट माफी या दोन टोकांच्या मधले धोरण, म्हणजे आगीचा बंब जाईल एवढी गल्ली मोकळी ठेवून बाकीची वाढ नियमित करणे, नाशिकला अजून नीट मांडता आलेले नाही.

आता जे चालले त्याकडे. घंटागाडी हे नाशिकचे महाराष्ट्राला दिलेले देणे. १९९० च्या दशकात कचराकुंड्यांऐवजी दारोदार गाडी फिरवण्याची पद्धत इथे रुजली आणि मग राज्यभर गेली. हाती हलवायची घंटा जाऊन आता भोंग्यावर गाणे लागते, पण नाव तेच राहिले. सकाळी गाडी कोपऱ्यावर दिसली की दोन्ही हातांत दोन डबे घेऊन बायका-पुरुष जिने उतरतात. मागे उभा असलेला कामगार डबा उपडा करतो, त्यातली प्लॅस्टिकची बाटली डोळ्यांदेखत वेगळी काढून गाडीला बांधलेल्या गोणीत टाकतो आणि डबा परत देतो. ती गोणी ही त्याची वरकमाई. ओला-सुका वेगळा करण्याचे जे काम कायदा घराला सांगतो, त्यातले निम्मे त्या गोणीमुळे होते. घंटागाडी टिकली याचे कारण तिची चूक लपत नाही. गाडी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी नगरसेवकाचा फोन वाजतो. पाथर्डी शिवारातला खतप्रकल्प आणि विल्होळीजवळचा, जर्मन सहकार्याने २०१७ मध्ये सुरू झालेला वीजनिर्मिती प्रकल्प यांच्याबद्दल असा फोन कोणी करत नाही. विल्होळीला हॉटेलांतले उरलेले अन्न आणि शौचालयांतला मैला एकत्र कुजवून त्याच्या वायूपासून वीज करायची होती, दिवसाला ३० टन. अशा प्रकल्पाला मिश्र कचरा चालत नाही, स्वच्छ ओलाच लागतो. तो गोळा करण्याची रोजची शिस्त यंत्रासोबत विकत मिळत नाही.

बससेवेचेही असेच. एसटी महामंडळ शहर बस चालवण्यातून हळूहळू बाहेर पडले. मग महापालिकेने वेगळी कंपनी काढून ८ जुलै २०२१ पासून सिटीलिंक सुरू केली. २५० बसचे नियोजन, त्यातल्या २०० सीएनजीवर. बस ठेकेदाराच्या, तिकिटाचे पैसे महापालिकेचे, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर. या पद्धतीत रिकाम्या मार्गावरही बस धावते, हा तिचा फायदा. तोटा दरवर्षी महापालिकेने सोसायचा, ही तिची किंमत. वाहक पुरवणारा ठेका वेगळा असल्याने थकलेल्या पगारासाठी वाहकांनी वारंवार काम बंद केले आणि त्या दिवशी रिक्षावाल्यांचे फावले. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषांत उत्तम सेवा म्हणजे हजार लोकांमागे ०.६ बस. २०११ ची लोकसंख्या धरली तरी नाशिकला त्यासाठी जवळजवळ नऊशे बस लागतात. २५० बस म्हणजे हजारामागे ०.१७, निकषातली सर्वांत खालची पायरी.

दरम्यान मेट्रो निओ आली, म्हणजे घोषणेत आली. उंच मार्गावर रबरी चाकांच्या, वरून विजेची तार घेणाऱ्या जोडबस, सुमारे ३३ किलोमीटर. राज्याने २०१९ मध्ये मंजुरी दिली आणि २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांच्या खर्चाचा उल्लेख झाला. मार्गाचा एक खांबही उभा राहिला नाही. त्या काळात बस वाढवल्या असत्या तर, हा प्रश्न विचारण्यात तसा अर्थ नाही. ते पैसे बससाठी मिळालेच नसते.

स्मार्ट सिटीत नाशिकची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. कालिदास कलामंदिराचे नूतनीकरण हे तिचे वापरात असलेले काम. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रस्ता रेंगाळत पूर्ण झाला, आणि त्याच्या सायकल मार्गावर मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. भाड्याच्या सायकलींची योजना थोड्याच काळात गुंडाळली गेली. हे त्या शहरात झाले, जिथल्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये सायकलवर अमेरिका पार करण्याची शर्यत पूर्ण केली. हौस होती, वाट नव्हती. मखमलाबाद शिवारात शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा काढून विकसित भूखंड परत देण्याची नगररचना योजनाही मांडली गेली. विचार वाईट नव्हता. पुण्यात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी चारशे एकर स्वतःच एकत्र करून नगर उभे केले होते. पण तिथे हिशेब शेतकऱ्यांच्या हातात होता. मखमलाबादला निम्मी जमीन परत मिळेल हे सांगणारे अधिकारी बदलत होते आणि योजना विरोधातच अडकली.

अशा प्रश्नांवर बोलायची जागा प्रभाग समिती. पण मार्च २०२२ मध्ये १२२ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि २०२५ संपेपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. घंटागाडीसाठी फोन करायचा तर कोणाला, हा प्रश्न त्या काळात खराच होता.

त्या काळातच २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली. ध्वजारोहणाचा मुहूर्त ३१ ऑक्टोबर २०२६ चा ठरला आणि नियोजनासाठी २०२५ मध्ये कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनात महापालिकेच्या ताब्यात ५४ एकर जागा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथली सतराशेहून अधिक झाडे तोडण्या-हलवण्याची नोटीस निघाली. शेकडो हरकती आल्या, लोक झाडांना कवटाळून उभे राहिले, अभिनेते सयाजी शिंदे आले, प्रकरण हरित लवादापुढे गेले. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आंदोलकांचे म्हणणे, इथे जुने वड, पिंपळ, चिंचा आहेत. शासनाच्या बाजूने युक्तिवाद झाला की यातली बरीच झाडे २०१५ च्या सिंहस्थानंतर वृक्षलागवडीत सरकारनेच लावलेली आहेत. आधी ही जागा मोकळीच होती. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. ५४ एकरांचा वापर सिंहस्थाच्या वर्षी काय, हे विकास योजनेत लिहिलेले होते. मधल्या अकरा वर्षांत तिथे काय असावे हे कुठेच लिहिलेले नव्हते, म्हणून एका खात्याने तिथे झाडे लावली.